रोजच्या वाटणीत कोण सुटलं?



पुनरुत्थानकाळात प्रेषितांच्या कृत्यांमधला सहावा अध्याय मिस्सात वाचला जातो. यरुशलेमेतली ख्रिस्तसभा वाढत होती आणि वाढत्या घरात होतं तसंच तिथेही झालं, कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी की रोजच्या वाटणीत आमच्या विधवा सुटतात. प्रवचनात या उताऱ्यावर बोलताना फादर लोक लगेच संत स्तेफनाकडे वळतात आणि ते बरोबरच आहे. मी मात्र दरवर्षी त्या तक्रारीपाशीच थांबते. कोणी मुद्दाम त्या बायकांना उपाशी ठेवलं असं संत लूक लिहीत नाही. वाटणारे एक भाषा बोलत होते, विधवा दुसरी. ज्यांच्याशी आपलं बोलणं होत नाही ते आपल्या लक्षातून जातात, एवढीच गोष्ट असावी. आणि प्रेषितांनी उपाय काय केला? सात माणसं निवडली. त्या सातांची नावं एकदा काढून बघा. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा सुटत होत्या त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी दिली, असं त्यावरून दिसतं.

यंदा हा उतारा मला अगदी वेगळ्या ठिकाणी आठवला. आमच्या व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या बैठकीत, लॅपटॉपच्या पडद्यासमोर.

त्याआधी त्या पडद्याबद्दल थोडं सांगते, कारण धर्मग्रामातल्या बऱ्याच जणांना हे प्रकरण अजून ऐकूनच माहीत आहे. दिवसा मी एका खाजगी संस्थेच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघते. गेली दोनएक वर्षं आमच्या मेलमध्ये, वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, जिथे बघाल तिथे कोपऱ्यात एक बटण आलंय. दाबलं की विचारतं, काय लिहून देऊ? ते आम्ही मागितलं नव्हतं. एका सकाळी सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि ते तिथे होतं. माझ्या बी.ए.च्या दिवसांत कॉम्प्युटर क्लासला जायचो तेव्हा ऑफिस 97 मध्ये एक डोळेवाली क्लिप पडद्यावर यायची आणि पत्र लिहिताय का म्हणून विचारायची. आम्ही मुली तिला हसायचो. हे तसं नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च 2023 मध्ये आपला कोपायलट ऑफिसच्या कामात आणण्याची घोषणा केली, गूगलनेही त्याच सुमारास जीमेल आणि डॉक्समध्ये तशीच सोय सुरू केली, आणि आता हे खरोखर पत्र लिहून देतं. लांबलचक मेलचं चार ओळींत सार काढतं, बैठकीत कोण काय बोललं याचं टिपण करतं.

ते करतं कसं? माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. आत जे भाषेचं यंत्र आहे ते अफाट मजकुरावर शिकवलेलं असतं आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबाने ते वाक्य बांधत जातं. ऑफिसातला सहायक त्याच्या जोडीला आणखी एक काम करतो. तुम्ही प्रश्न विचारलात की तुमच्या मेलमधून, फायलींमधून, तुम्हाला उघडण्याची परवानगी असलेल्या फोल्डरांमधून जुळणारा मजकूर गोळा करतो, यंत्रापुढे ठेवतो आणि मग उत्तर देतो. तुम्हाला जे दिसू शकतं तेच तो बघतो, जास्त नाही. ऐकायला हे सुरक्षित वाटतं. पण आपल्याला काय काय दिसू शकतं हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? कोणीतरी चार वर्षांपूर्वी सगळ्यांना खुलं करून ठेवलेलं फोल्डर कपाटामागे पडलेल्या वहीसारखं असायचं. कुलूप नव्हतं, पण शोधायलाही कोणी जात नव्हतं. आता एक प्रश्न विचारला की ती वही आपोआप टेबलावर येते.

आता बैठकीकडे वळते.

सोसायटीचं काम तुम्हाला माहीत आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन हे सुरू केलं आणि सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्या पोरांना गरिबांच्या घरी कसं जायचं ते शिकवलं. तेव्हापासून पद्धत एकच. दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, बोलायचं, प्रार्थना करायची, आणि पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. आमच्या रजिस्टरवर 31 कुटुंबं आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी, शाळा उघडतात आणि गवंडीकाम बंद पडतं तेव्हा, आम्ही धान्याचे किट देतो. यंदा दानपेटीत 18 किटांपुरतेच पैसे होते.

31 मधून 18. हे दरवर्षी थोड्याफार फरकाने होतंच, आणि दरवर्षी त्या बैठकीतून मी डोकेदुखी घेऊन घरी जाते. यंदा आमच्यातल्या सर्वांत तरुण सभासदाने सांगितलं की हे सोपं करू. मुलगा गुणी आहे, पुण्याच्या एका कंपनीचं काम बेळगावात घरी बसून करतो आणि शनिवारी स्वतःच्या स्कूटरवरून घरभेटींना जातो. त्याने तीन वर्षांच्या भेटींच्या नोंदी टाइप करून सोसायटीच्या फोल्डरात ठेवल्या होत्या. बैठकीत सगळ्यांसमोर त्याने सहायकाला सांगितलं, या नोंदी वाचून कुटुंबांना गरजेप्रमाणे क्रम लाव. चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवेपर्यंत तक्ता तयार. 1 ते 31, प्रत्येकापुढे दोन ओळींचं कारण. आमचे अध्यक्षमामा चष्मा पुसून बघत राहिले. खरं सांगायचं तर खोलीत एक सुटकेचा सुस्काराही ऐकू आला. पंधरा जणांना एकदम वाटलं असावं की चला, या वर्षी नाही म्हणण्याचं पाप आपल्या माथी नाही.

मी तक्ता खालून वर वाचायला घेतला. तशी सवयच आहे, मुलांच्या निकालपत्रातही मी शेवटून सुरुवात करते.

एकतिसाव्या क्रमांकावर कोपऱ्यातल्या घरातली आज्जी होती. कारण लिहिलं होतं: गरज कमी, मदत नाकारली.

आता या आज्जीकडे मी चैत्रात जाऊन आले होते. घर स्वच्छ. शेणाने नाही, फरशीच आहे, पण पुसलेली. आम्हाला बसायला चटई दिली. चहा ठेवते म्हणाली आणि ठेवला नाही, बोलण्यात विसरल्यासारखं केलं. फळीवर ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी होती, तिच्यातल्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या केलेल्या. मी विचारलं तर म्हणाली, "अर्धीच पुरते की ओ बाई, मी काय मोठी हाय." मी काही हवं का म्हणून विचारल्यावर तिचं ठरलेलं उत्तर आलं, "मला नको, त्या पोरंवालीला द्या की." माझ्यासोबतच्या सिस्टरांनी बाहेर आल्यावर एकच वाक्य उच्चारलं: चुलीला आज आग लागलेली नाही.

ही भेट फोल्डरात अजून गेली नव्हती. टाइप केलेल्या नोंदी मार्च अखेरपर्यंतच्या होत्या आणि आज्जीच्या नावापुढे त्यांत दिवंगत झालेल्या एका सभासदाच्या हातच्या ओळी होत्या. माणूस थोर होता, लिहिण्याचा कंटाळा फार. भेट दिली. काही नको म्हणाल्या. प्रार्थना केली. तीन वर्षं जवळपास हेच. उलट पहिल्या पाच क्रमांकांतली चार कुटुंबं ज्यांच्या वाटणीला होती ते आमचे निवृत्त मास्तर. ते पानभर लिहितात. छप्पर, कर्ज, मुलीचं शिक्षण, जावयाचा स्वभाव, सगळं. गरज त्यांचीही खरीच आहे. पण तक्त्यात ती वर गेली यात मास्तरांच्या अक्षराचाही वाटा होता.

मी हे सांगितलं तेव्हा त्या मुलाने वाद घातला नाही. थोडा वेळ पडद्याकडे बघून म्हणाला, "टीचर, त्याने खोटं काही सांगितलं नाही. जे लिहिलं होतं तेच सांगितलं."

अगदी बरोबर बोलला. हे वाक्य मी अजून मनात घोळवते आहे. जे लिहिलेलं नाही ते त्या यंत्राला माहीत नसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्याला माहीत नाही हे त्याने तक्त्यात दाखवलंही नाही. रिकाम्या जागेला त्याने 'गरज कमी' असं नाव दिलं. माणूसही असं करतो, नाही कशाला म्हणा. पण माणसाला निदान दारात उभं राहून चुलीचा वास येतो किंवा येत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की बाईंचा यंत्राला विरोध आहे. थांबा. त्याच संध्याकाळी दुसरी गोष्टही घडली आणि ती झाकून ठेवणं लबाडी होईल.

तो मुलगा गप्प बसला नव्हता. त्याने सहायकाला दुसरा प्रश्न टाकला: प्रत्येक घरी शेवटची भेट कधी झाली? आणि वर आलं एक कुटुंब, ज्यांच्याकडे 14 महिने कोणी गेलेलं नाही. खोली शांत झाली. ते कुटुंब उत्तर कर्नाटकातून गवंडीकामाला आलेलं, रेल्वेलाइनपलीकडे पत्र्याच्या खोलीत राहतं. घरात कन्नड बोलतात, मराठी तोडकीमोडकी. ती गल्ली ज्या जोडीकडे होती त्यातला एक गोव्याला नोकरीवर गेला, दुसऱ्याला कन्नड येत नाही. जाऊन बसायचं आणि एकमेकांकडे बघून हसायचं, याला संकोच वाटतो. म्हणून राहून गेलं. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं.

तेव्हा मला तो सहावा अध्याय आठवला. यरुशलेमेत तक्रार करायला ग्रीक बोलणारे पुरुष तरी होते. आमच्या या कुटुंबाच्या वतीने कुरकुर करायलाही कोणी नव्हतं. ती कुरकुर, म्हणा ना, एका तारखांच्या तक्त्याने केली.

फादर बैठकीला उशिरा आले. त्यांना दोन्ही तक्ते दाखवले. संत लॉरेन्सची परंपरेतली गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. 258 साली रोमच्या अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेची संपत्ती आणून दे म्हटलं तेव्हा त्या दीकनाने गरिबांना गोळा करून समोर उभं केलं. "त्याच्यापाशी यादी असणारच," फादर म्हणाले, "पण त्याने यादी नेली नाही." आणि जेवायला उशीर होतोय म्हणून उठले. आमचे फादर असेच आहेत, गाठ सोडवत नाहीत, दाखवून जातात.

गाठ मग आम्ही तासभर सोडवत बसलो. मास्तर थोडे दुखावले होते. अध्यक्षमामांचं म्हणणं पडलं की मागच्या वर्षीचीच यादी घ्या. शेवटी ठरलं ते असं. तारखा सांभाळण्याचं काम सहायकाने करावं, म्हणजे कोणाकडे फार दिवस कोणी गेलं नाही हे कळेल. क्रम मात्र त्याने लावायचा नाही. किट वाटण्याआधी 31 घरी माणसं जातील, नव्याने. आणि ते फोल्डर. ते बघून मला खरी भीती वाटली होती. कोणाचा नवरा पितो, कोणाच्या मुलीचं लग्न का मोडलं, हे सगळं तिथे नावासकट होतं आणि युवकसंघाच्या पोरांपासून गायनवृंदापर्यंत बावीस जणांना ते उघडत होतं. उद्या कोणी सहज विचारेल, अमुक घराबद्दल काय माहिती आहे? आणि उत्तर मिळेल. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा देशात 2023 साली झाला आहे, पण मला त्याच्याही आधी ओझानामांची ती जुनी अट आठवली, पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. आता फोल्डर दोघांपुरतं आहे आणि नोंदींत नावाऐवजी रजिस्टरचा नंबर.

या निर्णयाची किंमत पडली हेही सांगायला हवं. तीन रविवार पावसात भिजत 31 घरं झाली. किट दोन आठवडे उशिरा गेले. एका बाईने मला चर्चच्या पायरीवर ऐकवलं की कॉम्प्युटरने माझं नाव वर काढलं होतं, तुम्ही कोण खाली आणणार? तिला हे कसं कळलं, देव जाणे. तिच्या घरी दोन मुलं आहेत आणि तिचा राग खोटा नाही. तिला यंदा किट मिळालं नाही. माझ्याकडे तिच्यासाठी उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण ती मला जाब विचारू शकली. तक्त्याला विचारता आला नसता.

पोप लिओ चौदावे यांनी 2025 च्या मे महिन्यात निवड झाल्यावर दोनच दिवसांनी कार्डिनलांना आपल्या नावामागचं कारण सांगितलं होतं. तेराव्या लिओंनी 1891 मध्ये कामगारांच्या प्रश्नावर विश्वपत्र काढलं ते कारखान्यांच्या क्रांतीच्या वेळी. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने तशीच दुसरी क्रांती आली आहे असं त्यांना वाटतं. त्याआधी पोप फ्रान्सिस जून 2024 मध्ये इटलीतल्या जी-सेव्हन बैठकीला गेले, आणि तिथे त्यांनी भर दिला तो याच गोष्टीवर, निर्णय माणसाच्या हातातून जाऊ नये. मोठ्या देशांच्या प्रमुखांसमोर ते युद्धातल्या शस्त्रांबद्दलही बोलत होते. आमच्यापुढे तांदूळ, तूरडाळ आणि खोबरेल तेल होतं. तरी प्रश्न मला फार वेगळा वाटला नाही.

त्या कन्नड बोलणाऱ्या कुटुंबाकडे मी आणि तो मुलगा गेलो. माझं कन्नड बाजारापुरतं. त्याने फोनवर सहायक उघडला आणि मी मराठीत बोललेलं तो कन्नडमध्ये ऐकवत गेला. सुरुवातीला त्या बाई फोनकडेच बघत होत्या. मग त्यांच्या सासूबाईंनी काहीतरी विचारलं आणि फोनने सांगितलं: तुम्ही बायबलवाले, इतके दिवस का आला नाहीत? यावर फोन बाजूला ठेवूनच बसलो. प्रार्थना त्यांनी कन्नडमध्ये म्हटली, मी मराठीत, आमेन दोघींचं एकदम आलं.

आपल्या भागात भाषेचं दुखणं जुनं आहे, सांगायला नको. सीमेवरच्या माणसाला अर्ज कन्नडमध्ये करावा लागतो आणि पन्नाशीच्या पुढची किती तरी मराठी माणसं त्यासाठी नाडकचेरीबाहेर कोणाला तरी पैसे देऊन लिहून घेतात. इथे हा सहायक मला खरोखर कृपेसारखा वाटतो. मागे एका विधवेचा पेन्शनचा कागद दोनदा परत आला होता. ती बोलली, मी टाइप केलं, त्याने कन्नड करून दिलं आणि ऑफिसातल्या माझ्या कन्नड मैत्रिणीने तपासलं. तपासलं ते बरं झालं. आम्ही सासरे लिहिलं होतं, तिथे 'माव' आलं होतं, आणि कन्नडमध्ये माव म्हणजे सासराही आणि मामाही. मैत्रिणीने तिथे नवऱ्याचे वडील असं स्पष्ट लिहायला लावलं. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले, त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं 1616 मध्ये. मधली सदतीस वर्षं ते लोकांत राहून भाषा कानात साठवत होते. आमच्याकडे सदतीस वर्षं नाहीत, अर्जाची मुदत तीस तारखेला संपते. तरी शेवटी एकदा तो मजकूर ज्याची ती भाषा आहे अशा माणसाच्या डोळ्यांखालून जायला हवा.

कोपऱ्यातल्या घरातल्या आज्जीचं किट घेऊन मी आणि सिस्टर गेलो. तिने घेतलं नाही. सिस्टर म्हणाल्या, मग आम्ही इथेच बसून निवडतो, आम्हाला डाळ निवडून हवी आहे. आज्जीने सूप काढलं. अर्ध्या तासाने निवडलेली डाळ तिच्याच डब्यात गेली आणि कोणी काही बोललं नाही. रजिस्टरमध्ये मी त्या दिवशी पाऊण पान लिहिलं. त्यात गोळ्यांच्या पट्टीचं लिहिलं, सुपाचं लिहिलं, आणि पुढच्या वेळी जो जाईल त्याच्यासाठी एक सूचना: नको म्हटलं तरी बसा.

ता. क. कन्नड अर्जांसाठी दर बुधवारी सायंकाळी साडेपाच ते सात आम्ही तिघीजणी चर्चच्या हॉलमध्ये बसतो. आधार, बँकेचं पासबुक बरोबर ठेवा, पण त्यांचे फोटो आमच्या फोनवर पाठवू नका. नंबर शेवटी तुम्हीच हाताने भराल. आणि तुम्हाला कन्नड चांगलं वाचता येत असेल, तर कृपया एक बुधवार आम्हाला द्या. लिहून देणारं आमच्याकडे आहे, तपासणारी माणसं कमी पडताहेत.